मराठी मजकुराला एआयचा आवाज द्यायचाय? आधी मजकूर हातात घ्या

ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटिशीचा फोटो येतो, आणि ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही किंवा वाचताच येत नाही त्यांच्यापर्यंत ती नोटीस कधी पोचतच नाही. तेच वाचनालयाच्या पत्रकांचं, तेच दिवाळी अंकातल्या लेखांचं. आता मराठीत चांगले एआय आवाज फुकट किंवा अगदी थोड्या पैशात मिळतायत, त्यामुळे हे सगळं ऐकवता येतं आणि त्यासाठी ऑडिओचं शिक्षण लागत नाही. मी ठाण्यातल्या ज्येष्ठ मंडळींच्या एका ग्रुपसाठी हे काम करते, आणि नव्याने सुरू करणारे बरेच जण तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा नीट क्रमाने लिहिते.

सगळ्यात आधी एक सांगते. नवीन माणसाचा सगळा वेळ आवाज निवडण्यात जातो, हा घेऊ की तो घेऊ, आणि खरं काम असतं मजकुरात. मजकूर कानासाठी लिहिला तर तोच आवाज घरातल्या माणसासारखा वाटतो, आणि नोटीस जशीच्या तशी चिकटवली तर तोच आवाज प्लॅटफॉर्मवरच्या अनाउन्समेंटसारखा वाटतो.

हे चालतं कसं, अगदी थोडक्यात

पूर्वी माणसाच्या रेकॉर्डिंगचे बारीक बारीक तुकडे करून ते जोडले जायचे, म्हणून मधेमधे झटके ऐकू यायचे. २०१६ मध्ये गूगलच्या डीपमाइंड कंपनीने वेव्हनेट हे आवाज तयार करणारं मॉडेल आणलं, मग २०१७ मध्ये गूगलचं टॅकोट्रॉन आलं, आणि तिथून चित्र बदललं. आता साधारण असं होतं की मॉडेल मजकुरावरून आधी आवाजाचा नकाशा बनवतं, त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात, आणि व्होकोडर नावाचा दुसरा भाग त्या नकाशावरून प्रत्यक्ष ध्वनी तयार करतो. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की मॉडेल चढउतार ठरवतं ते आख्खं वाक्य आणि त्यातली विरामचिन्हं बघून. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं हे त्याला कळत नाही, त्यामुळे कॉमा कुठे आहे, प्रश्नचिन्ह दिलंय का, वाक्य किती लांब आहे यावर सगळं ठरतं.

पायरी १: आवाज कुठून घ्यायचा

आजच्या आज ऐकून बघायचं असेल तर कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर उघडा, एखादं मराठी पान लावा आणि कंट्रोल, शिफ्ट, यू एकत्र दाबा. रीड अलाउड सुरू होतं, आवाजांच्या यादीत मराठीखाली आरोही आणि मनोहर अशी दोन नावं दिसतील. दोन्ही न्यूरल, म्हणजे वर सांगितलं तसे मॉडेलने तयार केलेले आवाज आहेत. पैसे नाहीत, अकाउंट नाही, पण फाइल सेव्ह करता येत नाही, फक्त ऐकता येतं.

फाइल हवी असेल तर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येणाऱ्यांसाठी एज-टीटीएस नावाचं पॅकेज आहे, तेच दोन आवाज एमपीथ्रीमध्ये काढून देतं. मात्र ते अधिकृत नाही, कोणीतरी बाहेरच्याने बनवलेलं आहे, त्यामुळे शिकायला आणि घरच्या वापराला ठीक, कोणाकडून पैसे घेऊन काम करत असाल तर मायक्रोसॉफ्टच्या ॲझूरवर रीतसर अकाउंट काढा. तिथे मोफत प्लॅनमध्ये न्यूरल आवाजांची महिन्याला ५ लाख कॅरेक्टर मिळतात, म्हणजे मराठीत साधारण सत्तर-पंचाहत्तर हजार शब्द, एखाद्या सोसायटीला किंवा वाचनालयाला भरपूर झाले. गूगल क्लाउडवरही मराठी वेव्हनेट आवाज आहेत. दर आणि मर्यादा बदलत असतात, कार्ड जोडण्याआधी त्यांचं पान स्वतः बघून घ्या आणि बजेट अलर्ट लावून ठेवा.

तिसरा रस्ता ओपन सोर्सचा. आयआयटी मद्रासमधल्या एआयफॉरभारत या गटाने मराठीसह बऱ्याच भारतीय भाषांसाठी मॉडेल मोकळी केलीत, त्यातलं इंडिक पार्लर मला विशेष आवडतं कारण आवाज कसा हवा याचं वर्णन इंग्रजीत लिहून देता येतं, हळू बोल, मागे आवाज नको, सूर शांत ठेव वगैरे. त्याचं लायसन्स अपाचे आहे, व्यवसायासाठीही चालतं. कॉम्प्युटरमध्ये जीपीयू, म्हणजे असं मॉडेल चालवणारी ताकदवान चिप नसेल, तर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या गूगल कोलॅबवर चालवून बघा. मेटाचं एमएमएस नावाचं आवाजाचं मॉडेल १,१०० हून जास्त भाषांत आहे, मराठीही आहे, पण त्याचं लायसन्स व्यावसायिक वापराला नाही, हे बरेच जण वाचतच नाहीत.

आणि कृपा करून मराठी मजकुराला हिंदी आवाज लावू नका. लिपी एकच म्हणून तो वाचतो, पण बहुतेक वेळा "ळ" चा "ल" करतो, "तलावपाळी" ची "तलावपाली" होते आणि ऐकणाऱ्याचं लक्ष पहिल्याच वाक्याला उडतं. असे व्हिडिओ सगळीकडे फिरतायत आणि लोकांनी ते चालवून घेतलंय याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण मराठी आवाज शोधायला दोन मिनिटं पण लागत नाहीत. आवाजाच्या नावात भाषेचा कोड असतो, तो "एमआर-आयएन" (mr-IN) आहे ना एवढंच बघायचं.

पायरी २: मजकूर युनिकोडमध्ये आहे का?

युनिकोड म्हणजे अक्षरं साठवायची जगभर ठरलेली पद्धत, आवाजाच्या मशीनला तीच कळते. ही मराठीतली जुनी डोकेदुखी. प्रेसवाल्याकडून किंवा डीटीपीवाल्याकडून फाइल आली की ती कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असल्या फॉन्टमध्ये असते, स्क्रीनवर मराठी दिसतं पण कॉपी केलं की रोमन अक्षरांचा कचरा पडतो. अशा फाइलसाठी कन्व्हर्टर मिळतात, ते वापरा, आणि नंतर डोळ्यांनी तपासा, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास हलतात. पीडीएफमधून कॉपी केलं तरी तेच, वेलांटी एका अक्षरावरून उडी मारून दुसरीकडे जाते.

युनिकोड असूनही एक गंमत राहते, एकच अक्षर दोन प्रकारे टाईप होऊ शकतं. "ॲप" मधला "ॲ" स्वतंत्र अक्षर म्हणूनही येतो आणि "अ" वर चंद्र देऊनही येतो. "वाऱ्यावर" मधला अर्धा "र" सुद्धा तसाच. दिसायला सारखं, मशीनला वेगळं. एखादा शब्द कारण नसताना अडखळत असेल तर तो पुसून पुन्हा टाईप करून बघा, कित्येकदा तेवढ्यानेच सुटतं.

पायरी ३: कानासाठी लिहा

इथे थोडा वेळ काढते कारण सगळं काम इथेच आहे. ही अशी नोटीस घ्या, आपल्याकडे रोज येते तशी:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, दि. १२/०७ रोजी स. १०.०० ते दु. ४.०० या वेळेत टाकी साफसफाईमुळे बी विंगचा पाणीपुरवठा बंद राहील. अधिक माहितीसाठी फ्लॅट क्र. ३०२ येथे संपर्क साधावा."

ही जशीच्या तशी मशीनला दिली तर काय होतं बघा. "दि." नंतर टिंब आहे म्हणून वाक्य संपलं असं समजून आवाज खाली उतरू शकतो. "स." चा नुसता "स". "१०.००" म्हणजे दशांश अपूर्णांक. "१२/०७" मधल्या तिरक्या रेघेचं काय करायचं हे प्रत्येक इंजिन आपापलं ठरवतं. आणि या सगळ्यातून पार पडलं तरी पाणी नक्की कधी जाणार हे ऐकणाऱ्याच्या हातातून निसटलेलं असतं, कारण कागदावर नजर मागे नेता येते, कानाला तशी सोय नाही.

आता हेच असं:

"नमस्कार. बी विंगमधल्या सगळ्यांसाठी सूचना आहे. शनिवारी, बारा जुलैला, पाण्याची टाकी साफ करणार आहोत. त्यामुळे सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत पाणी येणार नाही. काही विचारायचं असेल, तर फ्लॅट नंबर तीनशे दोनमध्ये विचारा. पुन्हा एकदा, शनिवारी, सकाळी दहा ते दुपारी चार, बी विंगला पाणी नाही."

काय केलं बघा. संक्षेप सगळे फोडले. आकडे अक्षरात. कोणासाठी आहे ते आधी, म्हणजे ए विंगवाले फोन खाली ठेवू शकतात. वार जोडला, कारण लोकांना तारखेपेक्षा वार लक्षात राहतो. शेवटी महत्त्वाचं तेवढं परत. "कळविण्यात येते" गेलं, कारण कोणीही असं बोलत नाही.

आकड्यांबद्दल आणखी. मशीनला दीड, अडीच, साडेपाच, पावणेसहा हे आपोआप सुचत नाही, "२.५ लाख" लिहिलं की "दोन पूर्णांक पाच लाख" किंवा त्याहून विचित्र काहीतरी येतं, तिथे सरळ "अडीच लाख" लिहा. पण लोकलची वेळ आपण तशी बोलत नाही, ती "नऊ सत्तेचाळीसची फास्ट" असते, तिथे तसंच लिहा. सन वेगळा, "१८५३" चं "एक हजार आठशे त्रेपन्न" होऊ शकतं, आपण म्हणतो "अठराशे त्रेपन्न". फोन नंबर एकेक आकडा सुटा, मधे कॉमा देऊन, नाहीतर थेट कोटींत वाचला जातो.

नवीन आवाज तपासायला माझ्याकडे एक ठरलेला उतारा आहे, तुम्हीही वापरा: "१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी रेल्वे धावली. ३४ कि.मी. अंतर, १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे. आज त्याच ठाण्याहून गाडी कळवा, मुंब्रा ओलांडून पुढे जाते, आणि ट्रान्स-हार्बरने ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत वाशीला." यात सन आहे, टिंबवाला संक्षेप आहे, अनुस्वार आहे, "ळ" आणि "ण" आहेत, लांब गावनाव आहे. दोन आवाजांना हा एकच उतारा दिला की फरक लगेच कळतो.

आता एक गोष्ट जी हमखास राहून जाते. मराठीत "मी सांगतो" आणि "मी सांगते" वेगळं. मजकूर एखाद्या काकांनी लिहिलेला असतो, आवाज आरोहीचा लावला जातो, आणि मग बाईच्या आवाजात "मी गेलो होतो" ऐकू येतं. मूळ लेखकाचा अनुभव असेल तर आवाज त्याला जुळणारा घ्या, नुसती सूचना असेल तर क्रियापद बदला. दोन्ही अडचणीचं असेल तर "आम्ही" ने वाक्य फिरवता येतं.

बोली रूपांवरचा अनुस्वारही कानात तेल घालून ऐका. "झालं", "केलं", "तिथं" यात तो नाकातला नाही, शेवट थोडा लांबवायचा असतो, पण काही आवाज "झालम्" च्या जवळ जातात. तसा आवाज असेल तर तो सोडा, कारण प्रत्येक "झालं" चं "झाले" करत बसलात तर मजकूर परत सरकारी होतो.

च, ज, झ

"चार" मधला "च" वेगळा, "चारा" मधला वेगळा. "माझी" आणि "माझा" यांतला "झ" एकच लिहितो, बोलतो दोन. "जग" तर दोन्ही, दुनिया म्हणायची असेल तर एक आणि कोणाला जगायला सांगायचं असेल तर दुसरा. लिहिताना फरक दिसत नाही, त्यामुळे मॉडेलने रेकॉर्डिंगमधून जे शिकलं असेल तेच येतं. नेहमीच्या शब्दांत चांगले आवाज सहसा चुकत नाहीत, अडतात ते आडनावांत, गावांच्या नावांत आणि कवितेत. उपाय तीन आहेत. "ज" खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन बघा, काही इंजिनांत चालतं, काहींत फरक पडत नाही. नाहीतर शब्द बदला. आणि कवितेचं असेल तर माणसाकडून वाचून घ्या, खरंच सांगते, कविता माणसाचीच ऐकावी.

पायरी ४: एसएसएमएल, लागेल तेवढंच

एसएसएमएल म्हणजे मजकुरात टॅग घालून मशीनला सूचना द्यायची पद्धत. ॲझूर आणि गूगल दोन्हीकडे चालते, एज-टीटीएसमध्ये चालत नाही, तिथे फक्त वेग, पट्टी आणि आवाजाची पातळी बदलता येते. सुरुवातीला तीनच टॅग पुरतात. ब्रेक म्हणजे थांबा, दोन परिच्छेदांमध्ये ७०० मिलिसेकंद बरे वाटतात. प्रॉसडी म्हणजे वेग आणि पट्टी, ज्येष्ठांसाठी वेग दहा टक्के कमी ठेवा, त्याहून कमी केलात तर शब्द ताणल्यासारखे होतात, त्यापेक्षा वाक्यं छोटी करा. आणि सब, यात लिहिलेलं एक आणि वाचायचं दुसरं असं सांगता येतं, स्क्रीनवर "ठामपा" ठेवून कानाला "ठाणे महानगरपालिका" देता येतं.

पायरी ५: तुकडे करा

लांब लेख एका झटक्यात देऊ नका. गूगलकडे एका विनंतीला ५,००० बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं एक अक्षर युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट खातं. शिवाय काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात, "ठाणे" आपल्याला दोन अक्षरं दिसतात पण मशीनला ती चार, म्हणजे बारा बाइट. त्यामुळे पाच हजार ऐकायला मोठं वाटतं तरी मराठीचे पावणेतीनशे शब्दच बसतात. मी परिच्छेदागणिक वेगळी फाइल करते, नाव ०१, ०२ असं शून्य लावून, नाहीतर १ नंतर १० येऊन बसतो. फायदा असा की एखाद्या परिच्छेदात नाव चुकलं तर तेवढाच परत काढायचा, आख्खा लेख नाही. तुकडा नेहमी पूर्णविरामावर तोडा. मधे तोडला की सूर पडतो आणि जोड ऐकू येतो.

सोबत एक साधी यादी ठेवा, चुकलेला शब्द आणि त्याचं चाललेलं स्पेलिंग. गावांची, माणसांची, संस्थांची नावं तीच तीच परत येतात, महिन्याभरात ही यादी इतकी उपयोगी होते की फाइंड-रिप्लेसने निम्मं काम होतं.

पायरी ६: ऐका, आणि मजकूर समोर न ठेवता ऐका

समोर लिहिलेलं असलं की डोळे चूक भरून काढतात. म्हणून ज्याने मजकूर वाचलेलाच नाही अशा माणसाला ऐकवा आणि विचारा, पाणी कधी जाणार? उत्तर बरोबर आलं तर झालं काम. हेडफोनवर सगळंच छान वाटतं, त्यामुळे फोनच्या स्पीकरवर, पंखा चालू असताना, जमलं तर तलावपाळीवर फिरताना ऐकून बघा, तिथे वाहनांच्या आवाजात जे टिकतं ते खरं. पार्किंगमधल्या स्पीकरवरून लावायचं असेल तर आवाज घुमतो, तिथे वाक्यांमधला थांबा वाढवा. आणि दृष्टिहीन लोक बऱ्याचदा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आपल्याला समजणारही नाही इतक्या वेगाने ऐकतात, त्यांच्यासाठी मुद्दाम हळू केलेली फाइल म्हणजे त्रास, वेग नेहमीचा ठेवा, ते स्वतः वाढवतील.

सगळे तुकडे ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकामागोमाग लावा, लाउडनेस नॉर्मलायझेशन करा, म्हणजे सगळ्यांची पातळी सारखी होते, मोनोला उणे १९ एलयूएफएस ठीक असतं, आणि मोनो एमपीथ्री ६४ केबीपीएसवर काढा. मिनिटाला साधारण अर्धा एमबी, जुन्या फोनवरही पटकन उघडते. मागे म्युझिक टाकायचा मोह होतो, नका टाकू, कमी ऐकू येणाऱ्यांना त्यात शब्द वेगळे काढता येत नाहीत.

हक्कांचं काय

मजकूर कोणाचा आहे हे आधी. आपल्याकडे लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, त्यामुळे १९६४ साली वारलेल्या लेखकांचं साहित्य २०२५ पासून मोकळं झालं, त्यानंतरच्यांचं असंच एकेका वर्षाने पुढे. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा. अपंग वाचकांसाठी मात्र २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात सूट आलीय, त्यांना वाचता-ऐकता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देता येतं, नफ्यासाठी नसेल तर. याच विषयावरचा मराकेश करार मंजूर करणारा भारत पहिला देश, २०१४ मध्ये. ही सूट ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासाठीच वापरा, ती फाइल उघड्यावर यूट्यूबला टाकणं त्यात बसत नाही.

दुसरं, आवाज कोणाचा. हल्ली काही सेकंदांच्या रेकॉर्डिंगवरून कोणाच्याही आवाजाची नक्कल होते. अरिजीत सिंग यांच्या आवाजाच्या नकलेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्यांना अंतरिम संरक्षण दिलं, म्हणजे हा विषय आपल्याच हायकोर्टात येऊन गेलाय. प्रसिद्ध निवेदकाचा, नटाचा, नगरसेवकाचा आवाज गमतीतही वापरू नका. सोसायटीच्या सेक्रेटरींचा आवाज हवा असेल तर त्यांच्याकडून लेखी घ्या, कशासाठी आणि कधीपर्यंत ते लिहून. याच नकलेच्या जोरावर नातेवाइकांच्या आवाजात पैसे मागणारे फोन येतात, त्यामुळे ज्येष्ठांच्या ग्रुपमध्ये तर प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला "हा आवाज कॉम्प्युटरचा आहे" असं एक वाक्य असलंच पाहिजे, माझ्या मते यात तडजोड नको.

पाठवताना

फाइलला नाव मराठीत आणि तारखेसकट द्या, "ऑडिओ ००७" वरून कोणाला काही कळत नाही. आणि तिच्याखाली तोच मजकूर टाईप करून टाका, फोटो नको. ज्यांच्या फोनवर टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, चालू आहे त्यांना तो त्यांच्याच फोनच्या आवाजात, त्यांच्या वेगाने ऐकता येतो, कमी दिसणाऱ्यांना अक्षर मोठं करता येतं, आणि ज्यांना ऐकूच येत नाही त्यांना वाचता येतं.